पीएस५ असताना पीएस५ प्रो घ्यावा का? आधी टीव्हीकडे बघा

प्रश्न: माझ्याकडे २०२१ मध्ये घेतलेला डिस्कवाला पीएस५ (प्लेस्टेशन ५) आहे. टीव्ही ४३ इंची फोरके, २०१९ चा, साधा ६० हर्ट्‌झचा. सोफा टीव्हीपासून आठ फुटांवर. एल्डन रिंग, ड्रॅगन्स डॉग्मा २, फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ असे मोठे गेम खेळतो, रविवारी मित्र आले की फुटबॉल. हल्लीचे काही गेम धूसर दिसतात, काही अडखळतात. भाऊ दिवाळीला दुबईहून येतोय, पीएस५ प्रो आणू का म्हणून विचारतोय. मित्रांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, या पिढीत गेमच नाहीत, पैसे वाया जातील. दुसरा म्हणतो, प्रोशिवाय जीटीए ६ खेळण्यात मजा नाही. काय करू?

उत्तर:

भावाला सांगा, प्रो आणू नकोस. निदान या खेपेला नको. तुमच्या टीव्हीवर प्रोचं निम्मं काम दिसणारच नाही, आणि तुमच्या दोन तक्रारींपैकी एकीवर प्रोकडे फारसा इलाज नाही. त्याच पैशांत टीव्ही बदललात तर आहे तोच पीएस५ तुम्हाला नवा वाटेल. कन्सोल दुरुस्त करणं, जुन्यांची खरेदी-विक्री आणि लोकांच्या घरी जाऊन टीव्ही-कन्सोल नीट लावून देणं हा माझा कित्येक वर्षांचा व्यवसाय आहे. साधा पीएस५ आणि प्रो एकाच टीव्हीला जोडून, तोच गेम त्याच जागी उभा करून मी बघितला आहे. तुमचे मित्र दोघेही अर्धे बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एका वाक्यात दोन तक्रारी लिहिल्या आहेत: धूसर दिसणं आणि अडखळणं. दोन्हींची मुळं वेगळी आहेत. पडद्यावरचं चित्र काढायचं काम जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) करतो. त्याला वेळ पुरेना की गेम बनवणारे चित्र कमी रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे कमी ठिपक्यांत, काढतात आणि मग ताणून मोठं करतात. धूसरपणा तिथून येतो. दुसरीकडे, गावातली माणसं कुठे चालली आहेत, कोणाला धक्का लागला, कुठली वस्तू कुठे पडली, हा सगळा हिशोब सीपीयू (मुख्य प्रोसेसर) करतो. तो मागे पडला की पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं पुढचं चित्र, वेळेवर तयार होत नाही आणि खेळ अडखळतो. अशा वेळी रिझोल्यूशन कितीही उतरवलं तरी उपयोग नसतो, कारण सीपीयूचं ओझं त्याने हलकं होत नाही.

आता प्रोमध्ये काय वाढलं ते बघा. १० सप्टेंबर २०२४ ला पीएस५ ची रचना करणारे सोनीचे मार्क सर्नी यांनी तो जाहीर केला, तेव्हा सांगितलेले आकडे असे: जीपीयूची कॉम्प्युट युनिट्स ६७ टक्क्यांनी जास्त, मेमरीचा वेग २८ टक्क्यांनी जास्त, आणि एकंदर चित्र काढण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. रे ट्रेसिंग (प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजून काढणं) दुप्पट ते तिप्पट वेगाने. शिवाय पीएसएसआर नावाचं नवं अपस्केलिंग, जे लहान चित्र मशीन लर्निंग वापरून मोठं करतं. हे सगळं चित्राच्या बाजूचं आहे. सीपीयू मात्र झेन २ जातीचा, आठ कोरचा, म्हणजे मुळात २०२० चाच. म्हणून प्रोचा विचार करताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. आपला गेम कुठे अडतोय, हा असतो.

तुमच्याच गेमांवर लावून बघू. ड्रॅगन्स डॉग्मा २ मार्च २०२४ मध्ये आला. त्यातलं व्हर्नवर्थ शहर तुम्ही पाहिलंच असेल. बाहेर माळावर गेम बरा चालतो, शहराच्या वेशीतून आत पाऊल टाकलं की फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) घसरतो. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा हिशोब चालू असतो म्हणून असं होतं. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने तेव्हा सीपीयूवरच्या भाराचंच कारण दिलं होतं. त्या चौकात प्रो उभा केला तर चित्र जास्त नीटस दिसेल, पण गर्दीतलं अडखळणं जवळपास तसंच राहील. उलट रीबर्थ घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा त्याच्या परफॉर्मन्स मोडवर (चित्र साधं ठेवून वेग वाढवणारा मोड) सगळ्यात जास्त ओरड होती, आणि ती रास्त होती. ग्रासलँड्सच्या भागात नायक क्लाउडला पळवत नेलं की गवताची पाती एकमेकांत मिसळून हिरवा लगदा दिसायचा, आणि केसांच्या कडा विरघळल्यासारख्या व्हायच्या. ग्राफिक्स मोड लावला की चित्र स्वच्छ, पण ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), त्यामुळे लढाईत हात जड. प्रोवर हा गेम पूर्ण बदलतो. ६० एफपीएस राहतात आणि पाती पात्यांसारखी दिसतात. प्रो कशासाठी बनवलाय हे एका गेममध्ये बघायचं असेल तर रीबर्थ बघा.

घरच्या घरी ओळखायची पद्धत सोपी आहे. जिथे अडखळतं तिथे उभे राहा, मेन्यूत जाऊन क्वालिटी किंवा ग्राफिक्स मोडवरून परफॉर्मन्स मोडवर या आणि कॅमेरा गोल फिरवा. अडखळणं गेलं पण चित्र मऊ झालं, तर अडचण जीपीयूची आहे, प्रो कामाला येईल. दोन्ही मोडमध्ये त्याच जागी तितकंच अडखळत असेल तर अडचण सीपीयूची किंवा खुद्द गेमच्या बांधणीची आहे, आणि तिथे अपडेटची वाट बघणं हाच मार्ग. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच चाचणी करायला सांगतो. बरेच जण ती करून आले की प्रोचं नावही काढत नाहीत.

एल्डन रिंग या दोन्हींच्या मध्ये पडतो. त्याचा फ्रेमरेट ४५ ते ६० च्या दरम्यान हलत राहतो, आणि हे हलणंच डोळ्याला खुपतं. स्थिर ५० सुद्धा डोळ्याला यापेक्षा बरे. गेम डिजिटल घेतला असेल तर पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वर उतरवून बघा. ग्राफिक्स थोडं साधं, पण जवळपास कायम ६० वर चालतं. मात्र सेव्ह पीएस४ कडून पीएस५ कडे नेता येतं, उलट आणता येत नाही, म्हणून हा उपाय नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

आता टीव्हीबद्दल, कारण तुमचा निर्णय खरं तर इथे होणार आहे.

सामान्य ६/६ दृष्टीचा माणूस किती बारीक तपशील वेगळा ओळखू शकतो याचं एक ठरलेलं गणित आहे: एका अंशाचा साठावा भाग. ते ४३ इंची पडद्याला लावलं तर १०८० पीचे (फुल एचडीचे) ठिपके वेगळे दिसायचे थांबतात ते साधारण साडेपाच फुटांवर. तुम्ही आठ फुटांवर बसता. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून १४४० पी आणि फोरके यांतला निव्वळ रिझोल्यूशनचा फरक डोळ्यांना कळूच शकत नाही. ५५ इंचीला हेच अंतर सव्वासात फुटांच्या आसपास येतं. याचा अर्थ प्रोचा फरक तुम्हाला शून्य दिसेल असा नाही. गवताची, तारांच्या कुंपणाची, केसांची जी सारखी थरथर चालते ती हालचाल असते, आणि हालचाल डोळा लांबूनही टिपतो. पीएसएसआर मुख्यतः ही थरथर कमी करतं. पण तेवढ्यासाठी पाऊण लाखाच्या घरात जाणारी रक्कम ४३ इंचावर खर्चू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट हर्ट्‌झची. तुमचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो आणि त्या ठेक्यापासून हलत नाही. गेमने ५२ फ्रेम दिल्या तर काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, आणि तोच तो झटका. एचडीएमआय २.१ आणि व्हीआरआर असलेला टीव्ही गेमच्या ठेक्याने स्वतःचा ठेका बदलतो. पीएस५ ला ही सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटमध्ये मिळाली. ती ४८ ते १२० हर्ट्‌झच्या टप्प्यात चालते, त्यामुळे तुमचा एल्डन रिंग बहुतेक वेळ या टप्प्यात बसेल आणि पुष्कळ गुळगुळीत वाटेल. व्हर्नवर्थमध्ये फ्रेमरेट ४८ च्या खाली जातो, तिथे व्हीआरआरही हात टेकतं.

१२० हर्ट्‌झच्या टीव्हीचा आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात. ४० एफपीएसचा मोड. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७. यांच्या बरोबर मधोमध येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० एफपीएस. आकड्याने ४० हे ३० च्या जवळ वाटतात, पण हाताला ते अर्ध्या वाटेवरचे लागतात. ६० हर्ट्‌झमध्ये ४० समान बसत नाहीत, १२० मध्ये दर तीन ठेक्यांना बरोबर एक फ्रेम बसते. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टला हा मोड २०२१ मध्येच अपडेटने मिळाला आणि नंतर सोनीच्या इतर मोठ्या गेमांमध्येही आला. क्वालिटी मोडचं चित्र आणि हाताला हलका खेळ, दोन्ही. तुमच्याकडचा पीएस५ हे आजही करू शकतो. त्याला अडवून धरलंय ते टीव्हीने.

एक इशारा देऊन ठेवतो. ओलेड टीव्ही (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) घेणार असाल तर ३० एफपीएसचे गेम त्यावर आधीपेक्षा जास्त धक्के खात आहेत असं वाटेल. ओलेडचा ठिपका रंग बदलायला जवळजवळ वेळच घेत नाही. जुन्या एलसीडीवर एका फ्रेमची सावली पुढच्या फ्रेमवर थोडी रेंगाळते आणि धक्के झाकते. ओलेडवर ते झाकण निघून जातं. ‘नवीन महाग टीव्ही घेतला आणि गेम खराब झाला’ असं म्हणत येणाऱ्यांच्या घरी मी जातो तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं. तिथे ४० चा किंवा ६० चा मोड लावून दिला की तक्रार मिटते.

आणि मोड लावण्यावरून आठवलं. ठाण्यात एका घरी मी गेलो होतो, त्यांनी परदेशातून प्रो आणवला होता आणि काडीचा फरक दिसत नाही म्हणून ते वैतागले होते. टीव्ही उत्तम होता. मागे हात घालून बघितलं तर केबल चौथ्या एचडीएमआय पोर्टमध्ये, आणि त्या टीव्हीचे चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण क्षमतेचे. टीव्हीच्या इनपुट सेटिंगमधला एचडीएमआयचा वाढीव पर्याय बंद. गेम मोडही बंद, चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू. त्या प्रक्रियेमुळे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत एवढा उशीर होत होता, की ६० एफपीएसमुळे वाचणारे मिलिसेकंद त्यात कुठल्या कुठे बुडून जात होते. पोर्ट बदलला, तीन सेटिंग बदलली. त्यांचा मुलगा तीच लढाई पुन्हा खेळला आणि पहिल्याच वाराला थांबून माझ्याकडे बघायला लागला. हे सगळं साध्या पीएस५ वरही इतकंच झालं असतं.

आता मित्रांच्या मुद्द्यांकडे येतो. ‘या पिढीत गेमच नाहीत’ हे वाक्य मी रोज ऐकतो. पहिल्या दोन वर्षांपुरतं ते समजू शकतो. ग्रॅन टुरिस्मो ७, होरायझन फॉरबिडन वेस्ट, गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक हे सोनीचे २०२२ चे मोठे गेम पीएस४ वरही आले, म्हणजे त्यांना जुन्या मशीनच्या सीपीयूच्या कुंपणातच बनवावं लागलं. ज्याने नव्या मशीनला रांग लावून पैसे मोजले त्याला फसल्यासारखं वाटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण २०२३ पासून पुढे हे म्हणणं मला मान्य नाही. बाल्डर्स गेट ३, ॲलन वेक २, ॲस्ट्रो बॉट, क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपेडिशन ३३, घोस्ट ऑफ योतेई. यांतला एकही पीएस४ वर नाही. ज्याला यांतलं काहीच भावत नाही त्याचा प्रश्न आवडीचा आहे, आणि आवडीवर हार्डवेअरचा उपाय नसतो.

मला स्वतःला या पिढीची खरी खंत वेगळी वाटते. सारख्याच मशीनवर एक गेम लखलखीत चालतो आणि दुसरा गाळात रुततो, आणि ग्राहकाला वाटतं आपलं मशीन कमी पडलं. २०२३ मधला इमॉर्टल्स ऑफ ॲव्हियम घ्या. अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची सगळी नवी साधनं त्यात वापरली, आणि पीएस५ वर आतलं रिझोल्यूशन ७२० पीपर्यंत खाली आलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर तर ४३६ पी. पंचावन्न इंची पडद्यावर तेवढं चित्र ताणलं तर काय दिसणार? आता मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस बघा. रे ट्रेसिंग बंद करायची सोयच नाही, तरी ६० एफपीएस, आणि तेही सिरीज एससकट सगळ्या कन्सोलवर. ॲस्ट्रो बॉटमध्ये मोड निवडायचा पर्यायसुद्धा नाही. साध्या पीएस५ वर ६० एफपीएस, चित्र स्वच्छ, विषय संपला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण तो गेम बनवणाऱ्यांनी मशीनची ताकद ओळखून गेम आखला होता. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा राजी हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात अशक्त मशीनवर. कॅमेरा लांब ठेवला, रंग आणि वास्तूंवर जीव ओतला, आणि गेम देखणा झाला. ताकद मोजूनमापून वापरणं हे कौशल्य आहे, आणि प्रो घेऊन ते विकत मिळत नाही.

पिढीच्या मध्यात येणाऱ्या प्रोसारख्या मशीनवर लोकांचा राग का आहे, हे समजून घ्यायला मागची फेरी बघावी लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पीएस४ प्रो आला तेव्हा घराघरांत फोरके टीव्ही शिरायला लागले होते, आणि साधा पीएस४ १०८० पीच्या पुढे जात नव्हता. कारण डोळ्यांना दिसत होतं. किंमत होती ३९९ डॉलर, म्हणजे २०१३ मध्ये साध्या पीएस४ ची होती तेवढीच. वर्षभराने एक्सबॉक्स वन एक्स ४९९ डॉलरला आला, त्यात फोरके ब्लू-रे ड्राइव्हही होता. तेव्हाही सीपीयू जुन्याच जॅग्वार जातीचा राहिला. ब्लडबोर्न ३० एफपीएसवर अडकला तो अडकलाच. कारण त्याला तसं अपडेट कधी मिळालंच नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ आला आणि साध्या पीएस४ वर तो इतका वाईट चालला की सोनीने आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला, तेव्हा प्रोवाल्यांचं पुष्कळ बरं चाललं होतं. पिढीच्या शेवटाला मधलं मशीन उपयोगी पडतं, हा धडा तिथून घेता येतो, आणि तुमचा दुसरा मित्र जे म्हणतोय त्यात एवढं तथ्य आहे.

या वेळी मात्र प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला ६९९ डॉलरला आला, डिस्क ड्राइव्हशिवाय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत तो ७४९ डॉलर झाला. आधीच्या पिढ्यांत वर्षं जातील तशी कन्सोल स्वस्त होत असत. आपल्याकडे मात्र पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ५४,९९० चा झाला. लोकांचा संताप या उलट्या प्रवासावर आहे, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. मायक्रोसॉफ्टने तर या पिढीत मधलं ताकदवान मशीन काढलंच नाही. २०२४ मध्ये डिस्क नसलेला एक आणि दोन टीबीवाला एक असे सिरीज एक्स आणले, आत ताकद तीच.

सर्नी यांनी त्याच सादरीकरणात सांगितलं होतं की जवळपास तीन चतुर्थांश खेळाडू परफॉर्मन्स मोड निवडतात. माझ्या ग्राहकांतही हेच दिसतं. प्रोची कल्पना त्यावरच उभी आहे: निवड करायला लावू नका, चांगलं चित्र आणि ६० एफपीएस दोन्ही द्या. रीबर्थसारख्या गेममध्ये ते साधतं. पण सगळीकडे साधतंच असं नाही. सायलेंट हिल २ च्या रिमेकमध्ये प्रो आला त्या सुमारास पीएसएसआरमुळे सावल्यांत आणि पानांत नको तो चळवळता दाणा दिसत होता, इतका की काही जणांना साध्या पीएस५ चं चित्र बरं वाटलं. पीएसएसआरची पुढची आवृत्ती २०२६ मध्ये आणणार असल्याचं सर्नी यांनी २०२५ मध्ये सांगितलं होतं, म्हणजे ही तक्रार त्यांनाही माहीत आहे.

जीटीए ६ चं म्हणाल तर, तो बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे आणि दुसरा ट्रेलर साध्या पीएस५ वरच चित्रित केल्याचं स्वतःच सांगितलं होतं. तो ट्रेलर पाहून साध्या मशीनवर मजा नाही असं कोणी म्हणू शकेल असं मला वाटत नाही. प्रोवर तो ६० एफपीएसने चालेल अशी आशा धरून आज मशीन घेऊ नका. गर्दी, गाड्या, पोलीस, हवामान या सगळ्यांचा हिशोब सीपीयूवर असतो, आणि तो दोन्हीकडे एकाच पिढीचा आहे. गेम येऊ दे, फ्रेमरेट मोजणारे दोन दिवसांत मोजतील. प्रो तेव्हाही घेता येईल.

प्रो घ्यायला मी कोणाला हो म्हणतो? ज्याच्याकडे ६५ इंची किंवा मोठा, १२० हर्ट्‌झचा, व्हीआरआरवाला टीव्ही आधीपासून आहे आणि जो सहा-सात फुटांवर बसतो. ज्याच्याकडे अजून पीएस५ नाहीच आणि ज्याला फरकाची रक्कम जड नाही. आणि जो एकाच कन्सोलवर मोठमोठे एकट्याने खेळायचे गेम वर्षभर खेळतो. रविवारच्या फुटबॉलसाठी प्रो घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तो गेम साध्या पीएस५ वर ६० नेच चालतो.

भाऊ ऐकत नसेल आणि आणणारच असेल, तर त्याला आधी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवा. प्रो बाजारात आला तेव्हा भारत वगळला गेला, कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला तेव्हा आपल्याकडे परवानगी नव्हती. बाहेरून आणलेल्या मशीनला इथे वॉरंटी लागू होत नाही, आणि बिघडलं तर आमच्यासारख्यांकडेच यावं लागतं. तुमच्याकडे डिस्क आहेत, म्हणून ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागेल. तुमच्या २०२१ च्या मशीनमधला काढून बसवता येत नाही. पीएस५ स्लिमसाठी (नंतरच्या बारीक मॉडेलसाठी) मिळतो तो सुटा ड्राइव्ह प्रोला चालतो, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. गेमच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण अतिरिक्त भाग डिस्कच्याच प्रदेशातल्या खात्यावरून घ्यावे लागतात. विमानतळावरच्या सीमाशुल्काची मर्यादाही त्याने निघण्याआधी बघून ठेवावी.

आणि टीव्ही घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नका. ‘मोशन रेट २४०’ अशा छापाच्या आकड्यांना काही अर्थ नाही. पॅनल मुळातून १२० किंवा १४४ हर्ट्‌झचं आहे का, व्हीआरआर आहे का, आणि फोरके १२० घेणारे पोर्ट किती, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा. साउंडबार जोडणार असाल तर एक चांगला पोर्ट त्यातच जातो, हे धरून चाला. ५५ इंची असा टीव्ही सणासुदीच्या दिवसांत साधारण पन्नास-साठ हजारांपासून पुढे मिळतो. पैसे उरले तर गेम साठवायला एक टीबीची एम.२ एसएसडी घाला, जेन ४ ची, ५५०० एमबी प्रति सेकंद किंवा त्याहून वेगाची, आणि हीटसिंक असलेली.

तोपर्यंत तुमचं मशीनही एकदा बघून घ्या. चार वर्षांहून जुनं आहे. बाजूचं पांढरं झाकण सरकवून काढा, आत धूळ जमा होण्यासाठी दोन भोकं ठेवलेली दिसतील. तिथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावा आणि पंख्याची पाती हलक्या ब्रशने पुसा. हे करताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका. धुळीमुळे पीएस५ चे फ्रेम कमी होत नाहीत, कारण त्याचा वेग तापमानावर ठरत नाही, कामाच्या भारावर ठरतो. पण पंख्याचा आवाज वाढतो आणि फार तापलं तर मशीन बंद पडतं. त्यापुढे मात्र स्क्रू खोलू नका. चिपवर लिक्विड मेटल आहे, ते सांडलं तर बोर्ड जातो. झाकण परत बसवलं की सेटिंगमध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’मध्ये जाऊन सध्याच्या टीव्हीवर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारी सोय) नीट जुळवा, आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते आज रात्रीच बघा.